निबर ससा आणि ताटातलं पाणी

हडपसरला गाडीतळाच्या उड्डाणपुलाखाली उभे राहा. संध्याकाळचे सात वाजलेत, सोलापूर रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबलाय, हॉर्नच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आता वर्षं मागे सारत चला. 2000 साल ओलांडलं की मगरपट्ट्याचे टॉवर दिसेनासे होतात आणि त्या चारशे एकरांवर पुन्हा मगर मंडळींची शेती उभी राहते. 1966 ओलांडलं की सीरम इन्स्टिट्यूट नाही. पुणं मागे हटत हटत लष्करापलीकडे जातं आणि हडपसर पुन्हा शहरापासून अडीच कोसांवरचं गाव होतं. पूल गेला, दिवे गेले. रस्त्यावर गुळाच्या ढेपा लादलेली एक बैलगाडी तेवढी कुरकुरत पुण्याकडे चालली आहे. 1938 सालचा पौष. इथं थांबा.

थंडी कानशिलांना झोंबते. डाव्या हाताला, कालव्याच्या खालच्या अंगाला, बागाईत आहे: ऊस, भाजीपाला, पेरू. खडकवासल्याचं पाणी या मुठा उजव्या कालव्यातून 1870 च्या दशकापासून पूर्वेकडे येतंय. उजव्या हाताला, कालव्याच्या वर, कोरडा माळ. बाभळी, कुसळी गवत, मधूनमधून शाळवाची आणि हरभऱ्याची जिरायत वावरं. ससा या वरच्या जगातला. तो बीळ खणत नाही. दिवसभर गवतात अंगापुरत्या खळग्यात कान पाठीवर टाकून निपचित बसतो आणि अंधारलं की हरभऱ्यावर उतरतो. घाटे धरायच्या दिवसांत तर हमखास.

माळाच्या कडेला एक वस्ती आहे. तीन खणांचं घर, पुढं अंगण, अंगणाच्या टोकाला भिंतीच्या आडोशानं एक वेगळी चूल. घरातल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे वशाट घरात शिजत नाही. ते बाहेरच्या चुलीवर, बाहेरच्या भांड्यात. ही रीत इथं घरोघर आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांच्या वाटा हडपसरलाच फुटतात, एक दिवे घाटाकडे आणि दुसरी लोणी काळभोरकडे, आणि त्या दिवसांत बाहेरची चूलही पेटत नाही. आज पौष आहे. चूल पेटणार आहे.

कुत्री भुंकू लागतात. माळाकडून एक माणूस येतो, खांद्यावर वाघुरीची गुंडाळी, कमरेला फासांची जुडी. फासेपारधी. त्याच्या बिऱ्हाडाला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागते. गुन्हेगार जमातींचा कायदा अजून जारी आहे आणि तो देशभर रद्द व्हायला 1952 उजाडेल. जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या या माणसाइतकं हडपसरचा माळ ओळखणारं दुसरं कुणी पंचक्रोशीत नाही. ससा कुठल्या बांधावरून उतरतो, कुठल्या बोळकांडीनं परततो, वारा कुठून असला की फास कुठं मांडायचा, हे त्याला गवताच्या मोडणीवरून कळतं. हे ज्ञान फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्याकडे शिकारीच्या गोष्टी साहेबांच्या नि संस्थानिकांच्या लिहिल्या गेल्या. मला ही मोठी हानी वाटते.

"आये, ससा हाय. आत्ताचाच हाय."

म्हातारी कंदील घेऊन पुढं येते. तुम्ही नीट बघा, कारण मांस मऊ होणार की नाही याचा निम्मा निकाल इथं लागतो. ती आधी कान हातात घेते आणि कडेला चिमटीत धरून ताणते. कोवळ्या सशाचा कान पातळ असतो, चिमटीत फाटतो. हा फाटत नाही. मग पंजा उलटा करून नखं बघते. कोवळ्याची नखं टोकदार आणि केसांत दडलेली असतात, याची झिजून बोथट झालीत नि केसांबाहेर आलीत. शेवटी ओठ वर करून दात पाहते. लांब, पिवळट.

"निबर हाय रं ह्यो."

"निबर तर निबर. शिजवनारी तू हायेस की."

म्हातारी हसते आणि पायलीभर जोंधळे त्याच्या झोळीत ओतते.

हा पांढरा, लाल डोळ्यांचा, पिंजऱ्यातला ससा नव्हे. त्याची जातच निराळी. हा रानससा, मानेवर काळा डाग असलेला, आणि याचं सगळं आयुष्य पळण्यात गेलंय. कोल्हा, लांडगा, कारवानी कुत्रं, सगळ्यांपासून. सतत राबणाऱ्या स्नायूला प्राणवायूचा साठा लागतो, म्हणून त्याचं मांस गडद लाल. मांड्यांत चिवट पडदे नि शिरांचं जाळं. आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. बोकडाच्या मांसात चुकीचा जाळ चरबी सांभाळून घेते. सशाच्या मांसात चूक सांभाळणारं कुणी नाही.

सून ससा सोलते. मागच्या पायांपासून कातडं सैल करून सदरा काढावा तसं डोक्याकडं ओढून काढते. पोट साफ करते, काळीज वेगळं ठेवते. पुढच्या पायांच्या बगलेत मेणचट गाठी असतात, त्या बोटानं चाचपून काढते, नाहीतर रश्शाला उग्र वास येतो. पाठीवर एक पांढुरकी, चकचकीत, ताणलेली पापुद्र्यासारखी चामडी असते. म्हातारी ती सुरीच्या टोकानं उचलते आणि सावकाश सोडवते. हा पापुद्रा कितीही शिजवला तरी विरघळत नाही. तापला की आकसतो आणि आतलं मांस पिळून काढतो. शहरातल्या कसायाकडंही हा काढून मागावा.

मग तुम्हाला वाटतं, आता फोडणी. पण म्हातारी ससा फडक्यात गुंडाळते आणि लिंबाच्या फांदीला, मांजर पोचणार नाही इतक्या उंच टांगते.

"आज न्हाय?"

"आज ताठलाय त्यो. ऱ्हाऊ द्या रातभर थंडीत. सकाळी मवाळ हुईल."

बरोबर आहे. प्राण गेला की काही तासांत स्नायू ताठरतात आणि त्या अवस्थेत शिजवलेलं मांस जन्मात मऊ होत नाही. एक तर ताठरायच्या आत चुलीवर चढवायचं, नाही तर ताठरपणा उतरेपर्यंत थांबायचं. युरोपात थंडीच्या प्रदेशात ससा कित्येक दिवस टांगतात. इथल्या चैत्र-वैशाखात हा विचारही करू नये, काही तासांत वास सुटेल. पौषातली दख्खनची रात्र तेवढी ही मुभा देते.

म्हणजे तुमच्या हातात आता एक रात्र आहे. आणखी मागे जाऊन या.

1802 मध्ये थांबण्यासारखं काही नाही. 25 ऑक्टोबर, ऐन दिवाळीत याच हडपसरच्या रानात यशवंतराव होळकरांच्या फौजेनं शिंदे आणि दुसऱ्या बाजीरावांच्या फौजेला धूळ चारली. तोफांच्या धुरात माळावरचे ससे कुठं पांगले असतील कोण जाणे. बाजीराव पळाले, वर्षअखेरीला वसईचा तह झाला, आणि उभी पिकं तुडवली-लुटली गेलेल्या या मुलखावर 1803-04 चा भीषण दुष्काळ आला. त्या वर्षी ज्याला ससा मिळाला असेल त्यानं तो निबर की कोवळा हे पाहिलं नसेल. पण दुष्काळात नुसत्या सशावर माणूस तगतही नाही. उत्तर कॅनडाच्या हिमप्रदेशात वावरलेल्या विल्यालमुर स्टेफान्सन यांनी हे लिहून ठेवलंय. केवळ सशाचं मांस खाणारा माणूस पोट भरून खाऊनही खंगतो, कारण त्यात चरबी नाही. सकाळी म्हातारी पाट्यावर वाटायला बसेल तेव्हा हे आठवा.

अजून खाली उतरा. पूर्वेला, घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात. आजपासून तीन हजार वर्षांहूनही मागे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी 1968 पासून 1983 पर्यंत हे गाव खणून काढलं, त्यामुळे तुम्ही अगदी परक्या जागी नाही. कुडाच्या भिंतींना चिखल लिंपलेली घरं, जवाच्या कणग्या, लाल मडक्यांवर काळी नक्षी. आणि अंगणात जमिनीत खणलेला एक लंबगोल खड्डा, आतून भाजून लालसर झालेला. मांस भाजायची जागा.

या लोकांची शेती आहे, गुरं आहेत, आणि रानातली शिकारही पोटात जाते. उत्खननात मिळालेल्या हाडांनी ते सांगितलंय. पुढं पाऊस आटत गेला तसं शेतीवरचं पोट शिकारीवर आणि शेरडामेंढरांवर जास्त येऊ लागलं, असं ढवळीकरांनी मांडलं. खड्ड्यात आज काय आहे? हरीण असेल, ससाही असेल. तेल नाही, मिरची नाही, ती आणायला पोर्तुगीज अजून यायचेत. नुसत्या उघड्या आरावर सशाची मांडी धरली तर तिचं लाकूड होईल, हे या बाईलाही ठाऊक असणार. खड्ड्याची ऊब चहूबाजूंनी येते. वर काही झाकलं तर मांसाची स्वतःची वाफ तिथंच कोंडते. रायगडात थंडीच्या दिवसांत भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लावतात ती याच वाटेवरची. इंग्रज ससा झाकणबंद बरणीत घालून ती बरणी उकळत्या पाण्यात तासन्‌तास ठेवतात. आपल्याकडे कणकेनं तोंड बंद केलेली हंडी दमावर जाते. ज्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही अशी माणसं एकाच ठिकाणी येऊन पोचली: चिवट, बिनचरबीच्या मांसाला ओल सोडून जाऊ द्यायची नाही.

कोंबडा आरवतो. 1938 मध्ये परत या.

ससा लिंबावरून उतरला आहे. म्हातारी मांडी हलवून पाहते, सांधा सैल झालाय. ती मांड्या नि फरे वेगळे करते, पाठीचे तीन तुकडे करते, आणि पाठ बाजूला ठेवते. पाठीच्या मांसात पडदे कमी, ते लवकर शिजतं. सगळं एकदम टाकलं तर मांडी शिजेपर्यंत पाठीचा भुसा होतो.

सून विचारते, "पपई लावू का?" कालव्याकडच्या मळ्यातली कच्ची पपई कोनाड्यात आहे, तिचा चीक अजून ओला आहे. म्हातारी जराशी साल किसते आणि फक्त मांड्यांना चोळते, अर्ध्या तासापुरती. पपईच्या चिकात मांसाचे धागे तोडणारा पदार्थ आहे, पपेन. मांस कोमट होऊन तापू लागतं तेव्हा त्याचा जोर सगळ्यात जास्त, आणि उकळीपर्यंत तो थंडावतो. पण रात्रभर लावून ठेवली तर मांस वरून लगदा होतं आणि आत चिवटच राहतं. कुणी रश्शात सुपारीचं खांड टाकतात, कुणी दह्यात मुरवतात. माझा कल दह्याकडे. पपई हा घाईचा उपाय आहे, आणि घाईनं ससा शिजत नाही.

बाहेरची चूल पेटली. आधी बाभळीचा ढलपा, मग गोवऱ्या. पातेल्यात करडईचं तेल, त्यात कांदा, हळद, आलं-लसणाचा ठेचा. मांड्या आणि फरे पडतात. पाणी नाही. झाकण म्हणून एक खोलगट पितळी ताट बसतं, आणि त्या ताटात म्हातारी तांब्याभर पाणी ओतते.

इथं बसा. हे ताट बघत राहा.

मांस पहिल्यांदा स्वतःचं पाणी सोडतं. वाफ वर जाते, ताटाच्या गार बुडाला लागते, थेंब होऊन परत मांसावर पडते. ताटातलं पाणी हळूहळू तापतं. पातेल्यात रस कमी झाला की म्हातारी पदरानं ताट उचलून तेच कढत पाणी आत सोडते, आणि ताटात पुन्हा नवं पाणी भरते. घागरीतलं पाणी थेट पातेल्यात पडता कामा नये. सुनेचा हात चुकून घागरीकडं वळतो तशी म्हातारी ओरडते, "गार पानी नगं गं! निबरंल त्ये."

या ताटानं एका वेळी तीन कामं होतात. ओल कोंडते, पाणी तापतं, आणि जाळ किती आहे हेही कळतं: ताटातल्या पाण्याला उकळी फुटली की जाळ जास्त झाला. मग ती लाकूड मागं ओढते, नुसता आर ठेवते. मांस 60 अंशांच्या पुढं गेलं की धागे आकसतात, पाणी बाहेर टाकतात आणि मांस वातड होतं. बहुतेक लोक इथंच घाबरून जाळ वाढवतात आणि ससा हातचा घालवतात. खरं तर पुढं जायचं असतं, फक्त सावकाश. 70 अंशांच्या वर पडदे आणि शिरा, म्हणजे त्यातलं कोलॅजन, पाघळू लागतं आणि ओल मिळाली तर त्याचं जिलेटीन होतं. रसाला चिकटपणा येतो, बोटं एकमेकांना चिकटू लागतात. मांस मऊ लागतं ते या चिकट रसामुळं. याला दोन-अडीच तास लागतात. खदखदा उकळून ते तासात होत नाही, कारण तोवर धाग्यांतलं सगळं पाणी पिळून गेलेलं असतं.

तोवर वाटण. कांदा आरात अख्खा भाजलेला, वरची साल काळी, आत गोड. सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर तेल सुटेपर्यंत. तीळ, धने, मिरी, लवंग, दगडफूल, लाल मिरच्या. पाट्यावर वरवंटा फिरतो आणि खोबऱ्या-तिळाचं तेल वाटणाच्या कडेला चमकू लागतं. स्टेफान्सन आठवले? सशाकडे नाही ते इथून येतं. फ्रेंच आचारी सशाच्या मांसात डुकराच्या चरबीच्या कातळ्या सुईनं ओवतात. दख्खनच्या कोरड्या रानातली बाई खोबरं आणि तीळ वाटते. मला दुसरी तऱ्हा जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात चरबीबरोबर चवही शिरते आणि रस्सा भाकरीला धरून राहतो.

उन्हं अंगणात आली. म्हातारी एक मांडी पळीवर घेते आणि हाडाचं टोक धरून फिरवते. हाड मांसाला न ओढता फिरलं. आता पाठीचे तुकडे, वाटण, मूठभर येसूर, मीठ, आणि वीसेक मिनिटं मंद आर. काळीज अगदी शेवटी, दोन उकळ्यांपुरतं, नाहीतर त्याचा खडा होतो.

"बसा पाव्हणं."

बाजरीची भाकरी, तव्यावरून उतरलेली. कांदा बुक्कीनं फोडलेला. रस्सा तांबूस-काळा, वर तेलाचा तवंग. मांडीचा तुकडा बोटांनी दाबला तरी सुटतो, आणि धागा धागा ओला आहे. रानातल्या पाल्याची किंचित कडसर चव मागे राहते. ही चव बोकडात नाही, कोंबडीत नाही. मनसोक्त खा, कारण ही तुम्हाला पुन्हा मिळायची नाही आणि मिळूही नये.

आता वर या. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची 1991 ची दुरुस्ती ओलांडली की रानससा धरणं, मारणं, विकणं आणि खाणं, सगळं गुन्हा. ते योग्यच आहे. हडपसरच्या वरच्या माळावर आज सोसायट्या आहेत. पुण्याच्या पूर्वेचं गवताळ रान तुकड्या-तुकड्यांनी संपत आलंय, आणि उरलेल्या तुकड्यांत, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या ठिकाणी, लांडग्या-कोल्ह्यांच्या पोटाला ससा लागतो. आपल्या पोटाला नाही. रस्त्याकडेला कुणी रानससा विकायला आणला तर घेऊ नका.

शिजवायचाच असेल तर पाळलेला ससा आहे: न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट या जातींचा. त्याचं मांस फिकट, कोंबडीच्या जवळचं, आणि तीनेक महिन्यांचा असेल तर मुळातच कोवळं. त्याला पपई लावायची गरज नाही. दही, हळद, आलं-लसूण लावून तासभर ठेवा. चरबी यातही कमीच, म्हणून वाटणात खोबरं-तीळ हवेतच. जाड बुडाच्या पातेल्यात, ताटात पाणी ठेवून, पाऊण ते एक तास. कुकरच लावायचा असेल तर एक शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा, दहा मिनिटांत बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि मांसाचा ओलावा घेऊन जातं. बरीच वेतं झालेली जुनी मादी मिळाली तर मात्र ती रानसशासारखीच धरा. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, पाठीवरचा पापुद्रा काढलेला, मांड्या आधी, पाठ नंतर, आणि दोन तासांची तयारी ठेवून.

रस्सा उरला तर दुसऱ्या दिवशी तो थिजलेला दिसेल. ते खराब झालेलं नाही, जिलेटीन आहे. मंद आचेवर पातळ करा, लागलंच तर पाणी घाला, पण कढत.